भिंतीमागची माती

वैशाखी पौर्णिमेला अकरा दिवस उरले होते आणि खाजा मिस्त्रीने काम थांबवलं.

आरडाओरडा काही केला नाही. दुपारी चारच्या सुमारास तो विहिरीतून वर आला, हातोडी आणि टाकी फडक्यात गुंडाळली, काठावरच्या बाभळीखाली बसला आणि पुंजाजीबाबांना म्हणाला, "वरचे तीन थर उतरवावे लागतेत. मागं काळी माती हाय."

पुंजाजीबाबा हसले. "मिस्त्री, ऊन लागलं का? आमची हाडं काळ्या मातीत गेली. विहिरीच्या भिंतीमागं ती कोण टाकंल?"

"कोण ते मला म्हाईत न्हाई. हाय येवढं खरं."

मी चार पावलांवर उभा होतो. कोणी टाकली ते मला माहीत होतं. मी टाकली होती.

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गोष्ट. तेव्हा हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. जवळा बाजारपासून दोन कोसांवरच्या त्या गावात शिक्षक म्हणून येऊन मला वर्षही झालं नव्हतं. मी नांदेड शहरात वाढलेला. मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. गावातल्या बौद्धवाड्याला स्वतःची विहीर नव्हती. बाया ओढ्याच्या वाळूत खड्डा करायच्या आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरायच्या. दुष्काळाची दोन वर्षं अशी काढल्यावर वाड्यातल्या पुंजाजीबाबांनी पंचायत समितीत इतके खेटे घातले की शेवटी विहीर मंजूर झाली. वाड्यातल्याच माणसांनी ती खणली. वीस हातांवर पाणी लागलं. बांधकामाला खाजा मिया आला. वैशाखी पौर्णिमेला पाहुण्यांसमोर पहिलं पाणी काढायचं ठरलं होतं.

वय साठीचं, उंची बेताची, बोटं चुन्याने फुटलेली. कामावर येताना तो धुतलेला पांढरा सदरा घालून यायचा. तो बाभळीच्या फांदीला अडकवून बनियनवर विहिरीत उतरायचा आणि घरी निघताना हातपाय धुऊन पुन्हा सदरा चढवायचा. जेवताना त्याला घाई केलेली चालत नसे. कांदा दगडावर ठेवून एका बुक्कीत फोडायचा आणि भाकरीचा प्रत्येक घास असा खायचा की बघणाऱ्यालाही भूक लागावी. संध्याकाळी काम संपलं की पुन्हा तळाशी जायचा आणि पाच मिनिटं नुसता वर बघत उभा राहायचा. मी एकदा विचारलं, "काय बघता?"

"पाणी काय बघंल, ते."

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्याला सवय होती. सुरुवातीला मला ती जरा उद्धट वाटली होती.

विहिरीत उतरायला भिंतीतून पुढे आलेले पायरीचे दगड बसवतात. ते बसवण्याआधी त्याने वाड्यातल्या बायांना बोलावलं आणि सगळ्यांत ठेंगणी कोण ते विचारलं. चांगुणाबाईला सगळ्यांनी पुढे ढकललं. त्याने दगड एकावर एक रचले आणि डोक्यावर भरली घागर देऊन तिला त्यांवर पाय टाकायला लावलं. दोनदा दगड कमी केले.

"माझ्या मापाची पायरी?" चांगुणाबाई म्हणाली. "मिस्त्री, जन्मात माझ्या मापाची चोळी शिवली न्हाई कुणी."

"गवंडी आपल्या पायाचं माप धरतेत," तो म्हणाला, "अन् उतरतेत बाया."

एक थर झाला की नवा चढवण्याआधी जुना तपासायचा, हा त्याचा नेम. टाकी म्हणजे दगड घडवायची लोखंडी छिन्नी. त्याची चांगली हातभर लांब होती. तिचं एक टोक दगडाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि शेजारी हातोडीने हलकेच ठोकायचं. असा एकेक दगड करत पूर्ण गोल फिरायचा. आम्हाला ती म्हातारपणाची लकब वाटे. पुंजाजीबाबांचा पुतण्या जळबा त्याच्या हाताखाली दगड उचलायला असे. तो वर बघून ओरडायचा, "मिस्त्रीची न्याहारी चालू हाय. लोखंड खाऊन राहिले."

आता माझी चूक सांगतो. दगडी भिंत आणि खणलेली कड यांच्यामध्ये हातभर पोकळी सोडतात. तिच्यात मुरूम आणि दगडाच्या चिपा ठासून भरायच्या असतात. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. मधला मुरूम तिचा जोर खातो, पाणी खाली जाऊ देतो. त्या पोकळीतच काळी माती भरली, तर पहिल्या पावसाळ्यात ती फुगून भिंतीला आत ढकलते. गावातल्या सात वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असेल. मला त्या दुपारी, बाभळीखाली चाललेल्या वादातून कळलं.

त्या दुपारच्या आदल्याच दिवशी जवळ्याचा बाजार होता. मिस्त्री चुना आणायला गेला होता, वाड्यातली बहुतेक माणसंही बाजारात. तीन थर रचून झाले होते, मागची पोकळी भरायची राहिली होती. मी सातवीची तीस मुलंमुली घेऊन श्रमदानाला गेलो. मुरमाचा ढीग तासाभरात संपला. मुरमाचा माळ मैलभर लांब. विहिरीतून निघालेल्या काळ्या मातीचा डोंगर मात्र शेजारीच पडलेला. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, ही चालती का?" मी म्हणालो, "चालते." राहिलेली पोकळी आम्ही त्या ढेकळांनी भरली आणि वरून चार टोपल्या मुरूम पसरला. वरून नीट दिसावं म्हणून.

संध्याकाळी पुंजाजीबाबांनी मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि म्हणाले, "गुरुजीवानी माणूस भेटायला गावाला नशीब लागतं."

बाभळीखालच्या त्या दुपारी मी गप्प राहिलो, त्याचं कारण हे वाक्य. वय चोवीस होतं, नोकरी नवी होती, हेही खरं. पण ते वाक्य मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

जळबा तापला होता. "अकरा दिवसांत उतरवून पुन्हा चढवायचं? पंगत सांगून झाली. औंढ्याहून, कळमनुरीहून पाव्हणे येऊन राहिले. भंतेजी येणार. त्यायला काय अर्धी विहीर दाखवायची?"

मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होता. "दाखवा. बुजलेली दाखवण्यापरीस अर्धी बरी."

"पण तुमाला कळलं कसं? भिंतीनं कानात सांगितलं?" कोणीतरी म्हणालं. चारदोघं हसले. त्याला थोडं कमी ऐकू येतं, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं.

"मिस्त्री," चांगुणाबाई म्हणाली, "पावसाच्या आत पाणी मिळंल का न्हाई, येवढं सांगा. बाकी तुमचं तुमी भांडा."

"उतरवून बांधलं तर मिळंल."

"अन् न्हाई उतरवलं तर?"

"मग बी मिळंल. पयल्या पावसापस्तोर."

पुंजाजीबाबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. ही विहीर त्यांच्या आयुष्यातली एकच मोठी गोष्ट होती. तिच्यासाठी त्यांनी औंढ्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. "दोन दिस थांबतो," ते म्हणाले. "डोकं थंड करा, मिस्त्री. न्हाई तर बाळापूरहून दुसरा गवंडी आणतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी विहिरीवर गेलो. एप्रिलचं ऊन, शाळा सकाळची. मिस्त्री बाभळीखाली बसलेला होता. सदरा अंगावरच होता. काम करत नव्हता आणि घरीही जात नव्हता. भिंतीवर कोणाला दगड ठेवू द्यायचा नाही, म्हणून पहाटेपासून येऊन बसला होता.

त्याची बायको मदीनाबी भाकरी घेऊन आली. त्याच्यापुढे फडकं सोडून ती मला बाजूला घेऊन गेली.

"गुरुजी, तुमी शिकलेले. त्यायला समजावा. लोकं काय काय बोलून राहिले. त्यायला न्हाई, पर मला तर ऐकू येतं ना."

"म्हणजे?"

तिने मिस्त्रीकडे पाठ वळवली. "दो साल हुए. आता कायबीच ऐकू येत न्हाई. ढग गडगडला तरी न्हाई. तोंड बघून बोलतेत. कुणाला सांगू नका, गुरुजी. वरून दगड निसटला, कुणी हाक मारली, तर? बहिऱ्या मिस्त्रीला विहिरीत कोण उतरवंल?"

"मग दगड कसे तपासतात?"

"दातांनी. लोखंड दातांत धरलं की आवाज हाडातून आत जातो म्हणतेत. घरी कधीमधी माझ्या बांगड्यांला टाकी लावून बसतेत." आणि तिने पदर तोंडावर घेतला.

आता माझ्याजवळ लपवलेल्या दोन गोष्टी झाल्या. एक बोललो तर त्याचं नुकसान होतं. दुसरी नाही बोललो तर.

ती गेल्यावर मी त्याच्याशेजारी बसलो. सांगायचं म्हणूनच बसलो होतो. तो आपणहून बोलायला लागला.

"जवान होतो तवा शिरड शहापूरच्या बाजूला एक विहीर ढासळलेली बघितली. मी बांधलेली नव्हती. बघायला गेलतो फक्त. एका बाईची घागर वरच राहिली होती, काठावर. भरलेली." त्याने हाताने घागरीची जागा दाखवली, जणू ती तिथेच होती. "ते गवंडी नंतर बी कामं करत राहिले. जेवत होते, झोपत होते. मला न्हाई जमणार. मला भाकर गोड लागली पाहिजे."

आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"हाय," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बाळापूरहून निरोप आला की लग्नसराईमुळे घराघरांतून ओटे-न्हाण्या बांधायची कामं चालू आहेत, पौर्णिमेआधी कोणी गवंडी मोकळा नाही. जळबाने धोतर खोचलं. "दगड रचायला काय लागतं? चार म्हैने बघून राहिलो." चुन्याचं घमेलं घेऊन तो विहिरीत आडव्या टाकलेल्या फळीवर उतरला. काठावर सगळा वाडा जमला होता.

खाजा मिस्त्री उठला. सदरा काढून बाभळीला अडकवला. टाकी-हातोडी घेऊन त्याच फळीवर उतरला आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात दगडांवर पसरून उभा राहिला. जळबा त्याच्या पाठीमागे.

"मिस्त्री, बाजूला व्हा."

तो हलला नाही.

"मिस्त्री, मी काय म्हणून राहिलो? बाजूला व्हा."

नाहीच.

"ए बहिऱ्या," जळबा म्हणाला. काठावरून हसू फुटलं. मग जळबाने सगळं बळ लावून त्याचं नाव घेतलं. विहिरीत ते घुमलं, बाभळीवरचे होले उडाले. मिस्त्रीची मानसुद्धा वळली नाही. तो दगडावरची चुन्याची कपची नखाने काढत होता.

हसू थांबलं. एकेकाच्या लक्षात येत गेलं. मदीनाबी काठाला उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

जळबाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्री वळला. त्याने जळबाचा चेहरा बघितला, मग वर सगळ्यांचे चेहरे बघितले.

"कळलं का?" तो म्हणाला. "बरं झालं. दोन सालं झाली. तोंडं बघून बघून डोळे दुखतेत आता."

त्याने टाकी जळबापुढे केली. "धर दातांत. खालचा दगड ऐक, मग वरचा."

जळबाने धरली. मिस्त्रीने खालच्या थरावर ठोकलं, वरच्या थरावर ठोकलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. जळबा खोटं बोलणारा नव्हता. घाम पुसत म्हणाला, "दोनी सारखेच वाटतेत मला. न्हाई कळत."

काठावर कुजबूज सुरू झाली. पुंजाजीबाबांनी खाली बघत मान हलवली. त्या मान हलवण्यात मिस्त्रीचं चाळीस वर्षांचं काम संपत होतं, हे मला दिसत होतं. तो मात्र जळबाकडे बघत होता. त्याला वाटत होतं, जळबाने आणखी एकदा नीट ऐकावं.

"जळबा, दगड काढ," मी म्हणालो. "मागं काळी माती आहे. मी भरली. बाजाराच्या दिवशी मुरूम संपला म्हणून मुलांना मी भरायला लावली."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे फिरली. खालून मिस्त्रीला फक्त माना वळताना दिसल्या. त्याने वर बघितलं, काय झालं म्हणून हात हलवला. मला काठावर गुडघे टेकून, त्याच्याकडे तोंड करून, सगळं पुन्हा सांगावं लागलं. सावकाश, शब्द सुटा करून. एकदा सांगणं सोपं होतं.

चांगुणाबाई म्हणाली, "अन् हे तीन दिस काय करून राहिले, गुरुजी? शाळा?"

पुंजाजीबाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगं शहराचं हाय. मातीचं त्याला काय?" ते बोलणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

मिस्त्रीने एकच विचारलं. "मुरूम काहून न्हाई टाकला?"

"संपला होता."

"मग थांबायचं," तो म्हणाला. एवढंच. आणि पहारीने वरचा पहिला दगड उकलला. मागून ढेकळं गडगडत खाली पाण्यात गेली. विहिरीचं पाणी क्षणात काळं झालं.

तीन थर उतरवायला दोन दिवस लागले. काळी माती टोपल्यांनी वर काढली. मुरूम मैलभरावरून आणायचा होता. वाड्यातला एकही माणूस घरी बसला नाही. मीही डोक्यावर टोपली घेतली. माझ्यापुढे चांगुणाबाई चालायची आणि दर खेपेला वळून बघायची, माझ्या टोपलीत काय आहे ते. तिसऱ्या दिवशी बघायची थांबली. मुलं आली होती. त्यांच्यासमोर मी मिस्त्रीला विचारून विचारून मुरूम टाकला. ज्या मुलीने मला विचारलं होतं, ती म्हणाली, "गुरुजी, मला म्हाईत होतं. पर तुमी म्हणले चालते."

जळबा दगड देत होता. मिस्त्रीला काही सांगायचं असलं की आधी त्याच्या समोर जाऊन उभा राहायचा. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला दोनच थर झाले होते. पाहुण्यांना अर्धीच विहीर दिसली. वंदना झाली आणि भंतेजींनी विचारलं, पहिलं पाणी कोण काढणार? पुंजाजीबाबांनी चांगुणाबाईकडे बोट दाखवलं. ती आपल्या मापाच्या पायऱ्यांवरून, हाताने कशालाही न धरता, खाली गेली आणि भरली घागर घेऊन वर आली. पाणी पुन्हा निवळलेलं होतं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून मागे उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली आणि तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"गोड हाय?" तिने विचारलं, तोंड नीट हलवून.

"हाय," तो म्हणाला. सदऱ्याची बाही भिजली होती, ती त्याने पिळली नाही.

पुढे तो सात वर्षं जगला. बहिरा आहे हे पसरल्यावर कामं कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. दोनच विहिरी मिळाल्या, दोन्ही जळबाने मिळवून दिल्या आणि हाताखाली स्वतः राहिला. मधल्या काळात मिस्त्री लोकांच्या घरी चुली घालून द्यायचा, जात्याला टाकी लावून द्यायचा. चूल घालायची असली तरी धुतलेला सदरा, आणि काम झाल्यावर खाली बसून पाच मिनिटं बघणं. मी पस्तीस वर्षं शिकवलं. तास संपल्यावर वर्गाकडे क्षणभर बघत थांबायची सवय मला त्याच्याकडून लागली.

पण त्या विहिरीचं शेवटचं सांगायचं राहिलं. पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी तिसरा थर पुरा झाला. वर कठडा चढवण्याआधी त्याने मला हाताने खाली बोलावलं. मी पायऱ्यांवरून उतरलो. माझ्या लांब पायांना त्या फार जवळजवळ होत्या. त्याने टाकी सदऱ्याच्या जुन्या तुकड्याने पुसून माझ्या हातात दिली.

"मी तपासलं न्हाई," तो म्हणाला. "तुमी ऐका. मी वाजवतो."

मी लोखंड दातांत धरलं. चुन्याची चव आली. त्याने ठोकलं आणि आवाज कानांना वगळून थेट डोक्याच्या आत उमटला, स्वच्छ, घंटेसारखा. दुसरा दगड तसाच. दहावा, विसावा. तो दगडाकडे बघत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. अर्धा गोल झाला. मग एका दगडावर आवाज आला, पण जरा आखूड वाटला. वाटला की होता, मला सांगता येईना. तो दगड त्याने स्वतः, नीट माप घेऊन बसवलेला मी बघितला होता. मी टाकी दातांतून काढली नाही, पुढेही सरकलो नाही.

त्याने विचारलं नाही. हातोडी ठेवली, पहार घेतली आणि तो दगड सोडवून फळीवर घेतला. मुरूम नीट होता. फक्त कोपऱ्यातली एक चिप निसटून वितीएवढी पोकळी राहिली होती.

त्याने खाली वाकून एक चिप उचलली, ती बसते का पाहिली, दुसरी उचलली. मग वर बघून जळबाला बोटाने खूण केली, चुना.